सरळ बोलणं कुणाला परवडतं

(मामा आणीबाणीत एका दैनिकात उपसंपादक होते. मुक्ता चिनी शिकून दुभाष्याचं काम करते. जेवणं उरकल्यावरचा हा वाद. माझा कल कुणाकडे आहे ते लपवायच्या भानगडीत मी पडलेलो नाही.)

मामा : सरकारनं लेख उडवला आणि लोकांनी तो इमोजीत लिहून काढला. यात मर्दुमकी कसली?

मुक्ता : आधी लेख कसला होता ते ऐक. 30 डिसेंबर 2019. वुहान सेंट्रल हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. आय फेन यांच्या हातात एका रुग्णाचा रिपोर्ट आला. ‘सार्स कोरोनाव्हायरस’ या शब्दांभोवती त्यांनी लाल गोल केला, फोटो काढला आणि ओळखीच्या डॉक्टरला धाडला. फिरत फिरत तो डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलियांग यांच्यापर्यंत पोचला. ली यांना पोलिसांनी बोलावून समजपत्रावर सही करायला लावली. पुढे त्याच आजारानं 7 फेब्रुवारीला ते गेले. आय फेनना तर हॉस्पिटलनंच झापलं. मार्चमध्ये त्यांनी ‘रनवू’ मासिकाला सगळं सांगून टाकलं. मुलाखत आली 10 तारखेला, शी जिनपिंग वुहानच्या दौऱ्यावर होते नेमक्या त्याच दिवशी. बघता बघता गायब झाली.

मामा : मग इमोजी.

मुक्ता : इमोजी, मोर्स, ब्रेल, शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिलेला मजकूर, हाडांवर कोरायचे ती पुरातन चिनी लिपी. ‘स्टार ट्रेक’मधली क्लिंगॉनसुद्धा. एक उडवला की दुसरा हजर.

मामा : आणि तो क्लिंगॉनमधला वाचला कुणी?

मुक्ता : जवळजवळ कुणीच नाही.

मामा : झालं तर! अगं, हे खेळ आम्हीही बघितलेत. जून 1975 मध्ये मुंबईच्या टाइम्समध्ये लोकशाहीच्या निधनाची छोटी जाहिरात आली होती, माणसाचं नाव वाटावं अशी अक्षरं फोडून. ‘इंडियन एक्सप्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. इंग्रजी येणारे गालातल्या गालात हसले. ज्याच्या झोपडीवर बुलडोझर येणार होता त्याला काय त्याचं? दुर्गाबाई भागवत मात्र कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून सरळ बोलल्या, केंद्रीय मंत्री यशवंतराव मांडवात असताना. पुढे तुरुंगात गेल्या. मांडवातल्या शेवटच्या रांगेलाही कळलं बाई काय म्हणाल्या ते.

मुक्ता : उपयोग काय, ते आधी कापणाऱ्यांना विचार. हार्वर्डच्या गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की चीनमध्ये सरकारवरची नुसती टीका बऱ्याचदा तशीच राहू देतात. माणसं एकत्र येतील असं दिसलं की कात्री चालते. तो क्लिंगॉन लेख वाचण्यासाठी नव्हताच, मामा. मजकूर ठाऊक असलेल्यांनी एकमेकांना दिलेली ती हजेरी होती. आणि लपतंय कोण? तिथं खातं खऱ्या ओळखीला बांधलेलं असतं. चकवायचं ते यंत्राला.

मामा : यंत्र सरकारचंच ना?

मुक्ता : नाही, कंपनीचं. वेइबो, वीचॅट खासगी आहेत. मजकुराची जबाबदारी कायद्यानं त्यांच्या गळ्यात, म्हणून पगारी माणसं बसवतात. नेमकं काय चालणार नाही हे धूसर ठेवलेलं, म्हणून चार शब्द जास्तच कापतात. एप्रिल 2022 मध्ये शांघाय बंद होतं तेव्हा सहा मिनिटांचा एक व्हिडिओ फिरला. वरून टिपलेलं करडं शहर आणि नुसते आवाज. कुणी रात्री मुलासाठी तापाचं औषध शोधतंय, कुणी वडिलांना दाखल करून घ्या म्हणून विनवतंय. तो ओळखू येऊ नये म्हणून लोकांनी चित्र उलटंपालटं करून टाकला. मान वाकडी करून बघत होते लोक!

मामा : म्हणजे हजेरी कुणाची? ज्यांना आधीच ठाऊक आहे त्यांची. हुबेईच्या खेड्यातल्या म्हातारीला, जिला खरी गरज होती, तिला तुमची ती हाडांवरची लिपी कोण वाचून दाखवणार? शिवाय जिभेला वळण लागतं.

मुक्ता : ते मलाही खुपतं. आता कित्येक जण ‘सरकार’ हा साधा शब्दसुद्धा रोमन आद्याक्षरांत लिहितात, गरज नसताना.

मामा : मग?

मुक्ता : तुझ्या दुर्गाबाई तिथंही झाल्या. 13 ऑक्टोबर 2022. बीजिंगच्या सिथोंग पुलावर एका माणसानं फलक लावले, धूर केला, कर्ण्यावरून घोषणा दिल्या. त्याला उचललं. वेइबोवर ‘पूल’ शोधायचीसुद्धा पंचाईत. लोकांनी फक्त ‘मी पाहिलं’ एवढंच लिहिलं. दीडेक महिन्यानं टाळेबंदीतल्या उरुम्ची शहरात आगीत 10 माणसं गेली, आणि शांघायच्या उरुम्ची रस्त्यावर कोरे ए-फोर कागद धरून गर्दी जमली. तोंडी घोषणा त्या पुलावरच्याच. मधल्या दिवसांत त्या कुणी जिवंत ठेवल्या? असल्याच आडून बोलणाऱ्यांनी.

मामा : छान. त्यानं बोलायचं, त्यानंच भोगायचं, बाकीच्यांनी कोरा कागद धरायचा.

मुक्ता : कागदवालेही आत गेले. बीजिंगमधल्या काही तरुणींना काही महिने डांबून ठेवलं होतं.

मामा : अगं, मग आडून बोलण्यानं वाचलं कोण? आत जायचंच असेल तर सरळ बोलून जावं.

मुक्ता : सगळ्यांना नाही उचलता येत. लाखभर लोकांनी एकच चावट चित्र पुढं ढकललं तर पोलीस किती जणांना बोलावणार?

मामा : चारपाच जणांना. हिशेब समजला मला. पण ते चारपाच कोण, हे तुम्ही ठरवत नाही, पोलीस ठरवतात. दुर्गाबाईंनी स्वतःचं स्वतः ठरवलं होतं. तुझ्या त्या चित्र ढकलणाऱ्याला कल्पना तरी असते का, की आज आपली पाळी?

(मुक्ता यावर बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटतं, मामांचा हा मुद्दा खरोखर बिनतोड होता.)

मुक्ता : एक तिसरीही जात आहे, मामा. ‘टर्मिनस 2049’ नावाचा प्रकल्प होता. काढून टाकलेले लेख, कोरोनावरचेही, शोधायचे आणि जसेच्या तसे जपून ठेवायचे. इमोजी नाही, घोषणा नाही. एप्रिल 2020 मध्ये त्यातली दोन पोरं उचलली. पुढच्या वर्षी शिक्षा झाली, प्रत्येकी 15 महिने.

मामा : लेख ठेवले म्हणून? आरोप काय लावला?

मुक्ता : भांडणं उकरून काढणं आणि गोंधळ माजवणं.

मामा : भांडले कुणाशी?