मरणाच्या धंद्यातला शेअर



परवा पुण्याच्या भाच्याने फॅमिली ग्रुपवर विचारलं, "मावशी, परदेशात अंत्यसंस्काराच्या कंपन्या असतात. दरांची चौकशी लागली की शेअर पडतो. तेव्हा स्वस्तात घ्यावा का?"

आम्ही आधी हसलो, मग विचारात पडलो. मरणावर पोट भरणं आम्हाला वाईट वाटत नाही. इथे वैनगंगेच्या घाटावर लाकूडवाला पैसे घेतो, भटजी दक्षिणा घेतात. घेऊ देत, त्यांनाही घर आहे.

पण ब्रिटनच्या डिग्निटी कंपनीचं ऐका. जानेवारी २०१८ मध्ये तिने दर कमी करतो म्हटलं आणि एका दिवसात शेअर जवळपास निम्म्यावर आला. पुढे सरकारी चौकशीत दिसलं की तिथे अंत्यसंस्काराचा खर्च १४ वर्षं दरसाल सुमारे ६ टक्क्यांनी वाढत होता. २०२१ मध्ये दरपत्रक उघड लावणं सक्तीचं झालं.

वाढत कसा होता? घरात देह असताना कोणी चार ठिकाणी भाव विचारत नाही. सासूबाईंच्या वेळी गाडीवाल्याने सांगितले तेवढे आम्हीही मोजले. भाजीत दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आम्ही! कोविडात, २०२१ मध्ये, शववाहिनीच्या जादा भाड्याबद्दल मानवाधिकार आयोगालाच सूचना काढावी लागली होती.

मग पडलेला शेअर घेणारा मनात काय मागतो? चौकशी ढिली पडो. आम्ही अडलो ते इथेच.

भाच्याला लिहिलं, दर उघडे लावूनही जी चालते तिचा घे बाबा. त्याने नुसता अंगठा पाठवलाय.