मोजणी कोणाच्या दारात केली?

1990च्या आसपास शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले मानसशास्त्राचे एक प्राध्यापक तापाने आजारी पडले. दुखणं मोनोन्यूक्लिओसिसचं, म्हणजे तिकडे तरुणांना सर्रास होणाऱ्या विषाणूजन्य तापाचं. ताप उतरला, पण अंगातलं त्राण परत येईना. शेवटी विद्यापीठातून रजा घ्यावी लागली. हे लिओनार्ड जेसन. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे महिनोन्‌महिने न हटणाऱ्या थकव्याच्या, आजारावरच्या त्यांच्या पुढच्या तीस वर्षांच्या कामाची सुरुवात अशी झाली.

हा माणूस शिक्षणाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता, ही यातली मौज. या आजाराच्या रुग्णांनी सर्वांत जास्त सोसलं ते मनाच्या डॉक्टरांकडून. 1955 साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात जवळपास तीनशे माणसं अशाच दुखण्याने आजारी पडली, त्यांत बहुतेक तिथलेच कर्मचारी. हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी एकाही रुग्णाला न तपासता, नुसती कागदपत्रं चाळून निकाल दिला: सामूहिक हिस्टेरिया. रुग्णांत बायका जास्त होत्या, हा त्यांचा एक मुद्दा! 1984च्या सुमारास अमेरिकेत लेक टाहोजवळच्या गावात साथीसारखे असेच रुग्ण दिसले. 1988मध्ये सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, आजाराला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव दिलं आणि वर्तमानपत्रांनी ‘यपी फ्लू’ म्हणून चेष्टा केली. सुखवस्तू गोऱ्या नोकरदारांचं, म्हणजे ‘यपीं’चं, थकण्याचं कौतुक, असा एकूण सूर.

तो सूर कशावर उभा होता, हे जेसननी शोधलं. सीडीसीने चार शहरांतल्या डॉक्टरांना सांगितलं होतं, असे रुग्ण दिसले तर आमच्याकडे पाठवा. त्यातून आकडा निघाला लाखात चार ते नऊ. पण डॉक्टरकडे जाणार कोण? ज्याच्याकडे विमा आहे, पैसा आहे, त्यातही ज्याच्या डॉक्टरचा या आजारावर विश्वास आहे तो. दवाखान्याच्या दारात उभं राहून मोजलं, तर दवाखान्यात येणारेच मोजले जाणार.

जेसन यांच्या चमूने शिकागोत सरसकट घरांत फोन लावले. 18,675 प्रौढांनी उत्तरं दिली. लक्षणं जुळणाऱ्यांना पुढे बोलावून आधी मानसोपचाराच्या अंगाने मुलाखत आणि मग पूर्ण शारीरिक तपासणी केली. एवढ्या चाळणीतून पक्के रुग्ण उरले 32. त्यावरून 1999मध्ये आकडा मांडला गेला: लाखात 422. अमेरिकेभरात आठ लाखांच्या वर माणसं, आणि त्यांतल्या सुमारे नव्वद टक्क्यांना आपल्याला काय झालंय हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. सर्वाधिक प्रमाण लॅटिनो लोकांत निघालं. यपी कुठे गेले कोण जाणे.

खरी परीक्षा पुढेच होती. 2005मध्ये सीडीसीने निदानाचे निकष सैल केले आणि जॉर्जिया राज्यात प्रमाण एकदम अडीच टक्क्यांवर गेलं. रुग्णांची बाजू घेणाऱ्या कोणालाही एवढा मोठा आकडा हवाहवासा वाटला असता. जेसननी उलट आक्षेप घेतला. नैराश्याच्या 37 रुग्णांना त्यांनी तेच निकष लावून पाहिले, तर त्यांतले 38 टक्के क्रॉनिक फटीगचे ठरले. अशी सरमिसळ झाली की कोणतंही संशोधन फुकट. नैराश्याच्या माणसाला व्यायामाने बरं वाटतं. या आजारात थोड्या श्रमांनीसुद्धा माणूस दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, आडवा होतो. आकडा कमी दाखवणाऱ्यांशी भांडणं सोपं असतं. सोयीचा, फुगलेला आकडा नाकारायला वेगळी छाती लागते, आणि माझ्या लेखी हे त्यांचं सर्वांत मोठं काम आहे.

त्यांची प्रश्नावलीसुद्धा याच शिस्तीची. ‘थकवा येतो का?’ या प्रश्नाला कोण नाही म्हणेल? म्हणून प्रत्येक लक्षण किती वेळा होतं आणि किती तीव्र असतं, हे शून्य ते चार अशा दोन वेगळ्या मापांवर विचारायचं. दोन्हीकडे निदान दोन गुण पडले तरच ते लक्षण धरायचं. उपचारातही त्यांचा सल्ला अंथरूण पाहून पाय पसरण्याचा: आज अंगात जेवढी शक्ती आहे, त्याच्या आत खर्च ठेवा. यात बरं करण्याचा दावा नाही. याच्या उलट दिशेचा, व्यायाम हळूहळू वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने 2021मध्ये आपल्या मार्गदर्शिकेतून काढून टाकला.

आणखी एक प्रयोग सांगायलाच हवा. शिकाऊ डॉक्टरांना एकाच रुग्णाची हकीगत दिली, फक्त आजाराचं नाव बदललं. ‘मायाल्जिक एन्सेफॅलोपॅथी’ असं भारदस्त नाव वाचणाऱ्यांना दुखणं शारीरिक असल्याचं जास्त पटलं. इथे तपासणीच्या टेबलावर रुग्ण नाही, डॉक्टर आहे. मानसशास्त्राचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

आपल्याकडेही एक मोजणी झाली आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात 18 ते 50 वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांना विचारलं. सहा महिन्यांहून जास्त थकवा असलेल्या निघाल्या 12 टक्के. 2005मध्ये ते प्रसिद्ध झालं. हिमोग्लोबिनशी त्या थकव्याचा संबंध दिसला नाही. दिसला तो कर्ज, भूक, नवऱ्याचा अत्याचार आणि मनाच्या त्रासाशी. बाईने थकल्याचं सांगितलं की लोहाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या आपल्या सवयीला हा चांगला धक्का होता. मात्र हा थकवा म्हणजे जेसन यांचा आजार नव्हे. दोन्ही खरे आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकच शब्द दोघांना वापरून आपण दोघांवर अन्याय करतो.

जेसन पुढे पुन्हा मोनोन्यूक्लिओसिसकडेच वळले. या वेळी त्यांनी रुग्ण आजारी पडण्याआधीच गाठले. 4,501 निरोगी कॉलेज विद्यार्थ्यांची आधी नोंद केली आणि वाट पाहिली. 238 जणांना तो ताप आला. सहा महिन्यांनी त्यांतले 55 जण या आजाराच्या निकषांत बसत होते.

तेव्हा तुमच्या घरात डेंग्यू, चिकुनगुनिया किंवा कोविडनंतर कोणी सहा महिने सावरलं नसेल, तर ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणण्याआधी पंधरा दिवस एक वही ठेवा. आज काय श्रम केले आणि त्यानंतरचे दोन दिवस कसे गेले, एवढंच लिहा. रिपोर्टांच्या फायलीबरोबर ती वहीही डॉक्टरांपुढे ठेवा.