दोष कोणाचा?

वरवंडच्या तलावात खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी येते. कोणती चारी कोठून फुटते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हृदयाच्या स्नायूंनाही रक्त पोहोचविणाऱ्या अशा दोन चाऱ्या आहेत. त्यांना हृदयधमन्या म्हणतात, आणि त्या महाधमनीच्या मुळाशी उगम पावतात. सुमारे शंभरांत एखाद्याच्या ठायी त्यांचा उगम वा मार्ग जन्मतःच निराळा असतो. पुष्कळांचे त्यावाचून काही अडत नाही. मात्र डावी धमनी फुप्फुसधमनीतून निघाली असेल, तर उपचाराविना बहुतेक बालके पहिल्या वर्षातच दगावतात.

असे मूल जन्मले की घरातील नजरा सुनेकडे वळतात. ग्रहणात विळी हाती धरली होती काय, कोणाचे पाप भोवले, हे प्रश्न मिस्सेला नियमाने येणाऱ्या कुटुंबांतही आम्ही ऐकतो. जन्मांधाविषयी शिष्यांनी हेच विचारले होते. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूने त्याचे पाप नाकारले, त्याच्या आईबापांचेही नाकारले. हृदयाची मूळ घडण गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांत होते; तेव्हा कित्येक मातांना आपण आई होणार हेही नीट उमगलेले नसते. मग अपराध तो कोणता?

मुळात ‘दोष’ हा शब्द तरी योग्य आहे काय? अमेरिकेचा बास्केटबॉलपटू पीट मॅराविच दहा वर्षे व्यावसायिक सामने खेळला. ५ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी, पॅसाडेना येथील एका चर्चच्या क्रीडागृहात खेळताना तो कोसळला. शवविच्छेदनात आढळले की त्याला डावी हृदयधमनी नव्हतीच. तो मृत्यू त्या उणिवेनेच आला, हे खरे. पण ती सारी दौड त्याच हृदयाने निभावली होती.

फॅलोच्या विकाराने निळ्या पडणाऱ्या काही बालकांत, शल्यविशारद एरवी जेथे छेद घेतो, नेमकी तेथूनच एक मोठी धमनी आडवी गेलेली असते. एरवी ती निरुपद्रवी. सवयीने सुरी चालली तर मात्र घात. म्हणून तो आधी तपासतो, छेद बदलतो, प्रसंगी रक्तासाठी नवी वाट बांधतो. नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकामागे गेलेला मेंढपाळ आम्ही प्रवचनांत फार गोड करून सांगतो. शस्त्रक्रियागृहात त्याचा अर्थ एवढाच, की समोरच्या छातीत काय आहे ते आधी पाहावे.

इस्पितळाच्या कागदावरील इंग्रजी शब्दाचे भाषांतर कोणीतरी ‘दोष’ असे करून देतो, आणि आई तेवढाच एक शब्द घेऊन सोलापूर रस्त्याने घरी परतते.