वेशीच्या आतले

श्रीमंतांनी गरिबांपासून लांब राहणं जुनंच आहे. पण किल्ल्याला तट असे तो शत्रूच्या फौजेसाठी. आपल्याच शहरातली माणसं नकोत म्हणून वसाहतीला फाटक बसवणं त्या मानाने अलीकडचं, आणि अमेरिकेत त्याची सुरुवात बरीच निरागस झाली. औषधांचे व्यापारी ल्युएलिन हॅस्केल यांनी 1850 च्या दशकात न्यू जर्सीत ल्युएलिन पार्क वसवलं. घरांच्या मध्ये कुंपणं नाहीत, मधोमध सगळ्यांचं मिळून एक रान, त्याची देखभाल वर्गणीतून. शहराच्या धुराला कंटाळलेल्यांचं ते स्वप्न होतं. दाराशी पहारेकऱ्याची चौकी तेवढी होती. रान सगळ्यांचं, पण सगळे म्हणजे आतले.

पुढे 1886 मध्ये तंबाखूच्या धंद्यातले पियर लोरिलार्ड यांनी न्यूयॉर्क राज्यात टक्सीडो पार्क उघडलं, तेव्हा निरागसपणा संपला होता. तिथे नुसता पैसा पुरत नसे, आधी क्लबात प्रवेश मिळवावा लागे. भर थंडीत रस्ते, गटारं आणि बंगले उभे करायला सुमारे 1800 मजूर आणले होते, त्यांत इटलीहून आलेले बरेच. राबणाऱ्यांची वस्ती फाटकाबाहेर वाढली. ज्यांनी गटारं खणली ते फाटकाबाहेर, इतकं साधं गणित.

इथपर्यंत सगळा कारभार भिंत आणि पहारेकऱ्यावर चालला होता. विसाव्या शतकात कागदाचा शोध लागला! वर्णानुसार वस्त्या वाटून देणारे नगरपालिकांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने 1917 मध्ये रद्द केले, तेव्हा घराच्या खरेदीखतातच अट घालायची प्रथा फोफावली: हे घर कृष्णवर्णीयाला विकता येणार नाही. सरकारला जे करता येत नव्हतं, ते शेजाऱ्यांनी आपापसातल्या कराराने केलं. सेंट लुईसमधल्या शेली कुटुंबाच्या खटल्यात 1948 साली न्यायालयाने म्हटलं की, अशा अटी न्यायालयाकरवी अमलात आणता येणार नाहीत. आपण यावर नाक मुरडू नये. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याची मुभा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये दिली, आणि मुंबईत मांसाहार करणाऱ्याला फ्लॅट नाकारायला लेखी नियमसुद्धा लागत नाही.

या कल्पनेचा सगळ्यात बोलका नमुना मात्र मायामीजवळचं फिशर आयलंड. कृष्णवर्णीयांना किनाऱ्यावर मज्जाव असण्याच्या काळात, 1918 मध्ये, डाना डॉर्सी या कृष्णवर्णीय लक्षाधीशाने हे बेट घेतलं. आपल्या लोकांना हक्काचा किनारा द्यायचा त्याचा बेत होता. वर्षभरातच त्याला ते विकावं लागलं. पुढे बेटाचा मालक झालेल्या कार्ल फिशरने बेटावरची जमीन व्हँडरबिल्ट घराण्यातल्या एकाला दिली आणि बदल्यात त्याची आलिशान बोट घेतली. आजही तिथे पूल नाही. फेरीबोटीने जायचं, तेही आत कुणी ओळखीचं असेल तर. 2020 च्या एप्रिलमध्ये बाहेर कोरोनाच्या चाचण्यांसाठी मारामार होती, तेव्हा बेटावरच्या रहिवाशांनी स्वतःसाठी आणि नोकरांसाठीही चाचण्या मिळवल्या. नोकरांसाठी का, हे सांगायला नको. ते रोज बोटीने ये-जा करत होते.

त्याच परिसरातलं इंडियन क्रीक तर 1939 पासून स्वतंत्र गाव आहे. 2020 च्या जनगणनेत तिथे 84 माणसं मोजली गेली. मधोमध गोल्फचं मैदान, भोवती चाळीसेक बंगले, एकच पूल, स्वतःचं पोलीस दल आणि पाण्यातून गस्त घालणाऱ्या बोटी. जेफ बेझोस यांनी 2023 पासून तिथे घरं घेतली. माझ्या मते तिथे खरी किंमत बंगल्याला नसून हद्दीला आहे. क्लबाने केलेला नियम कोर्टात टिकेलच असं नाही, पण गाव म्हणून उभे राहिलात की पोलीस तुमचे, बांधकामाचे नियम तुमचे, कराचा पैसाही तुमच्याच रस्त्यावर. फाटकामागे लपणाऱ्यांनी शेवटी सरकारच आपल्या मापाचं शिवून घेतलं.

अडचण एकच राहिली, ती मैल्याची. शौचकूपाच्या टाक्या सोडून बंगल्यांना मलवाहिनीशी जोडायचं, तर नळ न्यावा लागणार पलीकडच्या सर्फसाइड गावातून. सर्फसाइडने मोबदला मागितला. 2025 मध्ये फ्लोरिडा राज्याने असा मोबदला घेण्यालाच आडकाठी करणारा कायदा केला.