पायांनाही ऐकू येते

डहाणू तालुक्यातील वाणगावच्या आसपासच्या पाड्यांवर तारपा हे वाद्य घुमू लागले की नाचणाऱ्यांची साखळी वादकाभोवती फेर धरते. वादकाने चाल बदलली की पाऊलही तिथल्या तिथे बदलावे लागते. कान टिपतात, मन ठरवते, पाय वळतात आणि शेजाऱ्याच्या कमरेवरचा हातही सुटू द्यायचा नसतो. एवढे अवधान मुलाला बाकावर बसवून शिकवणे कठीण. याच तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेले आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षण शिंपले, खडे आणि बियांवर उभे राहिले. तिथे हात आधी चालत, मग मन.

कोणी म्हणेल, हालचालीने मन घडत असेल, तर मग दिवसभर राबणाऱ्याचे मन आपोआप तल्लख व्हावे. पण सक्तीचे, थकवणारे कष्ट मनाला उसंतच देत नाहीत. हालचालीला आवड आणि लक्ष यांची जोड हवी. वयाचीही अडचण नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला. तेव्हा परीक्षा जवळ आली म्हणून मुलांचे खेळणे बंद करू नका, आणि आज संध्याकाळी आजी-आजोबांनाही चालायला सोबत न्या.