जमीन न घेता घेतलेली वाट

4 सप्टेंबर 2025 रोजी न्हावा-शेवा बंदरातल्या चौथ्या कंटेनर टर्मिनलचा दुसरा टप्पा सुरू झाला. सिंगापूरचे पंतप्रधान दिल्लीत आले होते आणि दोन्ही पंतप्रधानांनी तिथूनच दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन केले. एक किलोमीटरचा धक्का दोन किलोमीटरचा झाला. वर्षाला 24 लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने 24 लाख पेट्या हाताळण्याची क्षमता 48 लाखांवर गेली. सगळी टर्मिनले धरून बंदराची एकूण क्षमता एक कोटी टीईयूच्या घरात पोहोचली. बातम्यांनी हे आकडे दिले आणि विषय संपला.

त्याच सुमारास पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदरावरून वाद धगधगत होता. केंद्र सरकारने जून 2024 मध्ये 76,220 कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली आणि ऑगस्टच्या अखेरीस भूमिपूजनही झाले. या वादात विरोधकांच्या बाजूने एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा पुढे आला: नवे बंदर कशाला, न्हावा-शेवा आहे ना, तेच वाढवा. शहरी पर्यावरणप्रेमी हे म्हणतात, काही अर्थतज्ज्ञही म्हणतात, आणि चर्चासत्रांत तर तो जणू तोडगा म्हणून मांडला जातो. डहाणूच्या किनाऱ्याविषयीची त्यांची आस्था खरी आहे. वाढवणचा प्रस्ताव 1998 मध्ये ज्या कारणांसाठी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारला होता, ती कारणे अजूनही हवेत विरलेली नाहीत. पण ‘आहे तेच वाढवा’ हे उत्तर देताना न्हावा-शेवा ज्या तालुक्यात आहे त्या उरणकडे पाहिले गेलेले नाही, आणि ते पाहणे टाळता येण्यासारखे नाही.

या युक्तिवादाचा गाभा असा: जुन्या बंदराची जमीन एकदा घेऊन झाली आहे. ज्यांना उठवायचे त्यांना उठवले गेले. नौकानयनाचा मार्ग खोदलेला आहे, रस्ता आहे, रूळ आहे. विस्तारासाठी कोणाचे घर जात नाही, शेत जात नाही, म्हणून विस्तार म्हणजे कमीत कमी माणसांना झळ देणारा मार्ग. ऐकायला हे निर्विवाद वाटते. जहाज कंपन्यांच्या हिशेबाने तर ते खरेच आहे. एका जागी चार टर्मिनले असली की पायलट, टग, कस्टम्स, गोदामे सगळे एकत्र मिळते. हा फायदा खोटा नाही.

पण झळ मोजण्याचे माप जमीन हेच असेल तर तो हिशेब सुरुवातीलाच चुकतो. जमीन घेणे आणि वाट घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे बंदर प्रामुख्याने जमीन घेते. जुन्या बंदराचा विस्तार वाट घेतो. होडीची समुद्रात जाण्याची वाट, भरतीच्या पाण्याची खाडीत शिरण्याची वाट, माणसांची रस्त्यावरून जाण्या-येण्याची वाट. जमिनीची झळ सातबाऱ्यावर दिसते, तिच्यासाठी मोर्चे निघतात, गोळीबार होतात, हुतात्मा स्मारके उभी राहतात. वाटेची झळ कुठल्याच उताऱ्यावर येत नाही.

उरणला जमिनीच्या लढ्याचा इतिहास सांगण्याची गरज नाही. 16 आणि 17 जानेवारी 1984 च्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो लढा पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या तत्त्वापर्यंत पोहोचला. ज्यांच्या जमिनीवर बंदर उभे राहिले त्यांच्या हाती मात्र भूखंडांची इरादापत्रे पडायला ऑगस्ट 2014 उजाडला. बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले होते, म्हणजे मध्ये पाव शतक गेले. तरीही त्या लढ्याला एक आधार होता: घेतलेल्या वस्तूला क्षेत्रफळ होते, दर ठरवता येत होता, मालकाचे नाव कागदावर होते. उशिरा का होईना, मागणी सरकारला समजेल अशा भाषेत मांडता येत होती.

आता चौथे टर्मिनल पाहा. त्याच्यासाठी कोणाचे शेत गेले नाही. ते उभे राहिले भरावावर, म्हणजे खाडीच्या ज्या पट्ट्यात भरती-ओहोटीचे पाणी खेळत होते त्या पट्ट्यावर. सरकारी नोंदीत हा पट्टा मोकळा. उरण, मोरा, गव्हाण, हनुमान कोळीवाडा इथल्या मच्छीमारांच्या लेखी तो कधीच मोकळा नव्हता. चिखलात निवट्या आणि खेकडे, खाडीत कोलंबी, आणि होडी बाहेर काढायची ठरलेली वाट. हे मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे गेले. तिवरांची तोड, भरतीच्या प्रवाहाला झालेला अडथळा आणि होड्यांची बंद झालेली वाट, ही त्यांची तक्रार होती. 27 फेब्रुवारी 2015 रोजी न्यायाधिकरणाने 1,630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी (न्हावा-शेवा बंदराचा ट्रस्ट), ओएनजीसी आणि सिडको यांना दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. विस्ताराने कोणालाच झळ लागत नाही असे म्हणणाऱ्यांनी या एका निकालाचा तरी खुलासा करायला हवा. तो ते करत नाहीत, कारण त्यांच्या यादीत ही कुटुंबे मुळात नाहीतच.

ही कुटुंबे यादीत का नसतात? 2013 च्या भूसंपादन कायद्याची व्याख्या त्याचे उत्तर देते. त्या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ ठरवताना जमीनमालकापुरती दृष्टी ठेवली नाही, हे मोठे पाऊल होते. पाण्यावर पोट असलेली कुटुंबे, मच्छीमार, नावाडी यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. मात्र अट अशी की त्यांची उपजीविका भूसंपादनामुळे बाधित झालेली असावी. जिथे संपादनच होत नाही, जुन्या बंदराच्या हद्दीतच भराव पडतो आणि धक्का लांबतो, तिथे कायद्याने उघडलेले दार मच्छीमारांसाठी पुन्हा लागते. विस्ताराच्या बाजूने ‘नवी जमीन लागत नाही’ हा मुद्दा अभिमानाने सांगितला जातो. तोच मुद्दा मच्छीमाराला भरपाईच्या चौकटीबाहेर काढतो. नव्या बंदराच्या वेळी निदान भांडायला एक कायदा हाताशी असतो, विस्ताराच्या वेळी न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते.

यावर असे उत्तर येईल की पर्यावरण परवानगीच्या प्रक्रियेत जनसुनावणी असते, वाहतुकीचा अभ्यास असतो, मासेमारीचाही असतो. असतो, पण प्रत्येक प्रकल्पाचा स्वतंत्र. इतिहास थोडक्यात असा: पहिले टर्मिनल बंदराचे स्वतःचे, 680 मीटर धक्क्याचे. मग पी अँड ओ कंपनीशी करार होऊन 1999 मध्ये दुसरे आले, देशातल्या प्रमुख बंदरातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल. 2006 मध्ये तिसरे. पुढे त्यांच्या शेजारी 330 मीटरचा आणखी एक धक्का. 2018 मध्ये चौथ्याचा पहिला टप्पा आणि 2025 मध्ये दुसरा. मध्यंतरी आणखी मोठी जहाजे यावीत म्हणून नौकानयन मार्गातला गाळ दोनदा उपसून तो खोल करण्यात आला. या प्रत्येक कामाचा अहवाल वेगळा, सल्लागार वेगळे. खाडीत मात्र हे सगळे एकावर एक साठत जाते. आणि रस्त्यावर त्याहून जास्त साठते.

रस्त्याचा हिशेब कोणालाही करता येईल. 2024-25 मध्ये बंदराने सुमारे 73 लाख टीईयू हाताळले, म्हणजे रोजचे 20,000. यात रेल्वेचा वाटा पाचव्या हिश्शाहून कमी. उरलेल्या सोळा-सतरा हजार टीईयूंना ट्रेलर लागतात. एका ट्रेलरवर दोन टीईयू धरले तरी आठ हजार भरलेल्या खेपा होतात. रिकाम्या परतीच्या खेपा वेगळ्या, आणि बंदरातून कंटेनर फ्रेट स्टेशनच्या (सीएफएस) यार्डात, तिथून पुढे गोदामात असे त्याच पेटीचे तुकड्या-तुकड्यांनी होणारे फेरे वेगळे. एक कोटीची क्षमता पूर्ण वापरली गेली तर रोजचा आकडा 27,000 टीईयूंच्या पुढे जातो. हे सगळे करळ फाटा, जासई, दास्तान फाटा, गव्हाण फाटा या ठिकाणांवरून जाते. हीच उरणच्या लोकांची शाळेला, दवाखान्याला, पनवेलला जायची वाट. रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल झाले, बंदराने ट्रेलरसाठी मध्यवर्ती वाहनतळ बांधला, हे खरे आणि ते व्हायलाच हवे होते. तरीही ट्रेलरच्या रांगा आणि त्यांच्यालगतचे अपघात हा तालुक्याचा नेहमीचा विषय आहे. उरणला प्रवासी लोकल पोहोचली ती जानेवारी 2024 मध्ये, बंदर सुरू झाल्यावर तब्बल चौतीस वर्षांनी.

न्हावा-शेवाला मुंबईतल्या शिवडीशी जोडणाऱ्या अटल सेतूने हा प्रश्न सुटला असे म्हणणाऱ्यांनी न्हावा-शेवाच्या पेट्या जातात कुठे ते पाहावे. त्या भिवंडी, पुणे, नाशिक, गुजरात आणि उत्तर भारताकडे जातात, शिवडीला नाही.

मालवाहू रेल्वे हे खरे उत्तर आहे आणि ते सरकारलाही ठाऊक आहे. चौथ्या टर्मिनलचा रेल्वे यार्ड समर्पित मालवाहू मार्गावरच्या दीड किलोमीटर लांब गाड्या घेता याव्यात अशा बेतानेच बांधला आहे. पण दादरी ते जेएनपीटी या 1,506 किलोमीटरच्या पश्चिम मार्गिकेत सर्वांत शेवटपर्यंत रखडलेला टप्पा कोणता, तर वैतरणा ते जेएनपीटी. उत्तरेकडचा मार्ग आधी खुला झाला आणि त्याचा पहिला लाभ गुजरातच्या बंदरांना मिळाला. ज्या बंदराच्या नावाने मार्गिका आखली, तिथला धक्का दुप्पट करण्याचा करार झाला आणि पेट्या बाहेर नेण्याचा रूळ मागे राहिला. धक्का खासगी गुंतवणुकीतून येतो, त्याला मुदत असते, दंड असतो. वाटेला यातले काहीच नसते, म्हणून ती नेहमी मागे राहते.

हे अटळ नाही. रॉटरडॅम बंदराने समुद्रात भराव घालून मासव्लाक्टे-2 हा विस्तार केला आणि तो 2013 मध्ये सुरू झाला. जगातल्या सर्वांत मोठ्या बंदर विस्तारांपैकी तो एक. तिथल्या बंदर प्राधिकरणाने टर्मिनल कंपन्यांशी करार करतानाच अट घातली की 2035 पर्यंत बंदरातून अंतर्भागाकडे होणाऱ्या वाहतुकीतला रस्त्याचा वाटा 35 टक्क्यांवर यावा, बाकीचे कंटेनर बार्ज आणि रेल्वेने जावेत. भरावाखाली गेलेल्या समुद्रतळाच्या बदल्यात दुसऱ्या मोठ्या क्षेत्रात मासेमारी आणि वावरावर बंधने घालून संरक्षण देण्यात आले. राइनसारखी नदी उरणला नाही, त्यामुळे बार्जचा वाटा इथे तसाच्या तसा येणार नाही. डच मच्छीमारांनाही सगळे मान्य होते असे नाही. मुद्दा तरतुदीचा आहे. तिथे वाट हा विस्ताराच्या कराराचा भाग मानला गेला. इथे ती महामार्ग प्राधिकरण, रेल्वे, सिडको आणि वाहतूक पोलीस यांच्यात वाटली गेली.

शेवा कोळीवाड्यातून मूळ बंदरासाठी उठवलेल्या आणि हनुमान कोळीवाड्यात वसवलेल्या लोकांची घरे वाळवीने पोखरली, त्यांचे पुनर्वसन कित्येक वर्षे लोंबकळत राहिले. अखेर त्यांनी होड्या बंदराच्या चॅनेलमध्ये नेऊन जहाजांची वाट अडवण्याचा मार्ग पत्करला. अर्जाला मिळत नाही ती दखल जहाज थांबले की मिळते, हा धडा त्यांना बंदराच्याच वागण्यातून मिळाला. त्याला अडवणूक म्हणून हिणवणे सोपे आहे. ज्यांची वाट आधी गेली, त्यांनी वाटेच्याच भाषेत उत्तर दिले, असे त्याच्याकडे पाहायला हवे.

वाढवण व्हावे की नाही, हा प्रश्न वाढवणच्या किनाऱ्याच्या गुणदोषांवर ठरावा. त्यासाठी उरणचा विस्तार फुकटचा आहे असे मानण्याचे कारण नाही, आणि उरण सोसते आहे म्हणून डहाणूने सोसावे असेही नाही. बंदर प्राधिकरणाच्या हातात आज काय आहे, हे मात्र नीट पाहायला हवे. 2022 मध्ये बंदराचे स्वतःचे पहिले टर्मिनलही खासगी कंपनीकडे गेले. प्राधिकरण आता एकही कंटेनर स्वतः हलवत नाही. ते जमीनमालक आहे आणि त्याचे मुख्य हत्यार करार हेच आहे. चौथ्या टर्मिनलच्या तीस वर्षांच्या करारात कंपनीने महसुलाचा किती वाटा द्यायचा, तो 35.79 टक्के असा दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत ठरवलेला आहे. त्याच करारात, किंवा यापुढच्या प्रत्येक विस्ताराच्या करारात, रस्त्याने किती टक्के माल जाईल, कोणत्या वर्षापर्यंत तो किती खाली येईल, आणि होड्यांसाठी खाडीचा कोणता पट्टा बारमाही मोकळा राहील, हे आकडे लिहायला कोणताही नवा कायदा लागत नाही.