वाळूचा जीर्णोद्धार

समुद्रकाठची वाळूची टेकडी यंत्रांनी उपसली. तिच्यातलं रुटाइल हे खनिज काढून घेतलं, उरलेली वाळू पुन्हा होती तशी रचली, वर तेच गवत आणि तीच झुडपं लावली. काही वर्षांनी येणाऱ्याला तिथे काही घडलं होतं याचा पत्ताही लागू नये, इतकं बेमालूम काम. मग बिघडलं कुठे? ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ रॉबर्ट एलियट यांनी १९८२ साली ‘फेकिंग नेचर’ या निबंधात असाच प्रश्न मांडला आणि बरंच काही बिघडलं, असं उत्तर दिलं. वाढदिवसाला व्हर्मीअरचं चित्र मिळणार म्हणून वाट पाहावी आणि हाती हुबेहूब नक्कल पडावी, तशी ही गत आहे, असं त्यांचं म्हणणं. मोल नुसत्या दिसण्यात नसतं. ती वस्तू कशी घडत आली, यातही असतं.

प्रश्न हवेतला नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळचं फ्रेझर बेट हे जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. तिथल्या वाळूच्या खाणींविरुद्ध जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली संघटना उभी केली, चिकाटीने लढा दिला, आणि सरकारी चौकशीनंतर १९७६ च्या अखेरीस खनिजांच्या निर्यातीवरच बंदी आली. बेटाचे मूळ रहिवासी बुचुला लोक. त्यांच्या श्रद्धेनुसार हे बेट म्हणजे गारी नावाची दिव्य स्त्री. जग घडवायला तिने मदत केली आणि ते इतकं आवडलं की ती इथेच बेट होऊन राहिली. २०२३ मध्ये बेटाला तिचं नाव अधिकृतपणे परत मिळालं. एलियट यांना जे सिद्ध करायला पानंच्या पानं खर्च करावी लागली, ते बुचुलांच्या घरी कथेतच सांगून झालेलं होतं.

एलियट यांच्या युक्तिवादाला खाणमालक सापडतो, यात शंका नाही. पण तत्त्वज्ञ एरिक कॅट्झ यांनी १९९२ मध्ये पुढची पायरी गाठली. माणसाने निसर्ग पूर्ववत करणं हीच मुळात मोठी थाप. उभं राहतं ती माणसाच्या हातची वस्तू, असं ते म्हणाले. या न्यायाने पावसात भिजत गवताची रोपं लावणारी शाळकरी पोरंही थापाडी ठरतात. इथे मराठी वाचक थबकेल. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलं, तेही जुन्या देवळाच्या जागेलगत. दगड नवे, कारागीर नवे. तरी नक्कल पाहून आलो, असं काशीहून परतलेलं कोणी म्हणत नाही. आपल्याकडे त्याला जीर्णोद्धार म्हणतात. देऊळ संग्रहालयातलं चित्र नव्हे. तिथली पूजाअर्चा चालू राहते म्हणून ते तेच राहतं. मात्र पाडणाऱ्यानेच ‘नंतर बांधून देतो’ म्हणून पाडलं, तर तो जीर्णोद्धार नव्हे. एलियट यांचा राग या दुसऱ्या माणसावर होता. कॅट्झ यांनी दोघांना एकाच पंगतीत बसवलं.

न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर हा फरक डोळ्यांनी दिसतो. तिथल्या माओरी कथेत वनदेव ताने आणि त्याचा भाऊ समुद्रदेव टांगारोआ यांचं हाडवैर. समेट व्हावा म्हणून तानेने स्वतःच्या भुवया उपटून भावाला भेट दिल्या. टांगारोआचा राग शमेना. त्याने त्या किनाऱ्यावर भिरकावल्या. त्याच पुढे पींगाओ होऊन उगवल्या. पींगाओ ही सोनेरी पात्यांची, दुसऱ्या कुठल्या देशात मुळात न आढळणारी वनस्पती. तिची पात वाळली की रंगवावी लागत नाही. माओरी सभागृहांतल्या तुकुतुकु या भिंतपट्ट्यांतला पिवळा रंग तिचा. तिची सोबतीण म्हणजे स्पिनिफेक्स गवत. मादी झाडाचं काटेरी गोल बोंड सुटतं आणि वाऱ्यावर पुळणभर गडगडत जातं. (याच कुळातल्या आपल्याकडच्या गवताला तमिळ लोक रावणाच्या मिशा म्हणतात. देवाच्या भुवया तिकडे, राक्षसाच्या मिशा इकडे!)

गोऱ्या वसाहतवाल्यांना उडती वाळू खपत नव्हती. गुरांनी आणि सशांनी किनारा ओरबाडला होताच. वाळू थोपवायला त्यांनी युरोपातून मॅरम गवत आणून लावलं. युरोपात हेच गवत किनाऱ्याचा रक्षणकर्ता. इथे मात्र त्याने उंच, कड्यासारख्या टेकड्या रचल्या, पींगाओची जागा बळकावली. पाइनची लागवड, गुरांची कुरणं आणि बंगले यांची भर पडली. १९५० च्या दशकापासून पुढच्या अर्धशतकात देशातल्या हलत्या वाळूच्या टेकड्या सुमारे सत्तर टक्क्यांनी घटल्या.

म्हणून तिथलं काम काहीसं उलटं दिसतं. दक्षिणेच्या स्ट्यूअर्ट बेटावरल्या मेसन उपसागरात संवर्धन खातं तणनाशक फवारून मॅरम मारतं, ते वाळूने पुन्हा हलावं म्हणून. बे ऑफ प्लेंटीमध्ये ‘कोस्ट केअर’ या उपक्रमातून रहिवासी, शाळा, माओरी समाज आणि प्रादेशिक परिषद मिळून लागवड करतात. बी शक्यतो जवळपासच्याच किनाऱ्यावरचं. रोपं हिवाळ्यात, खोल ओल्या वाळूत पुरायची. वादळात लाटा टेकडी खातात, वाळू समुद्रात जाते, शांत हवेत परत येते. स्पिनिफेक्सची धावती खोडं तिच्यावर पुन्हा पसरतात आणि टेकडी भरते. माणूस रोप लावतो, रचण्याचं काम वारा करतो. अशा वस्तूला ‘माणसाच्या हातची’ म्हणणं वाऱ्यावर अन्याय आहे.

पींगाओ वाढली की विणकर तिची पात काढतात. स्पर्शच नको म्हणणाऱ्याला हा डाग वाटेल; माओरी दृष्टीने पात काढणारा हात राखणारासुद्धा आहे. या राखणदारीला, काइतिआकितांगाला, न्यूझीलंडच्या १९९१ च्या संसाधन कायद्यातही स्थान मिळालं. तत्त्वज्ञ अँड्र्यू लाइट यांनी २००० साली कॅट्झ यांना दिलेलं उत्तर याच वाटेने जातं: खाणीवर पांघरूण घालणारी डागडुजी वेगळी, लोकांचं जागेशी तुटलेलं नातं सांधणारी वेगळी.

पण ‘लोकसहभाग’ म्हटलं की सगळं सोवळं, असंही नाही. किनाऱ्यालगतच्या घरमालकाला पहिल्या टेकडीवर हिरवळ हवी असते आणि खिडकीतून समुद्रही. टेकडी भरली की दृश्य अडतं. कोणी रोपं लावतो ती टेकडीसाठी, कोणी आपली भिंत वाचावी म्हणून. रोपाला दोन्ही सारखंच. फरक पडेल तो समुद्र चढू लागल्यावर. तेव्हा टेकडीला मागे सरकावं लागतं, आणि मागे रस्ता असतो, कुंपण असतं, बंगला असतो. वीकेंडला कुदळ घेऊन येणाऱ्यांपैकी किती जण तेव्हा आपल्या अंगणातली जागा सोडतील, यावर त्या त्या गावात अजून वाद चालायचा आहे.